गाल ताणायची मशीन

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि मला राग आलेला आहे.

तुम्ही शाळेत मोडक्या छत्रीचं, फाटक्या दप्तराचं आत्मवृत्त लिहिता. छत्री बिचारी रडते, दप्तर उसासे टाकतं, आणि शेवटच्या ओळीत सगळे शहाणे होतात. मला तसं गोड रडता येत नाही. वसमतच्या मेन रोडवर एका चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर लेडीज पार्लर आहे. त्याच्या खिडकीपाशी, जुन्या परकराच्या फडक्याखाली मी उभी आहे. माझ्यामुळं एका बाईचं तोंड वाकडं झालं. सगळे म्हणतात, मशीननं केलं. मशीनला मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून आता न विचारता सांगते.

आधी माझं काम समजून घ्या. उन्हात भिंग धरून तुम्ही कागद जाळला असेल. भिंग तापत नाही, मधली हवा तापत नाही. ऊन जिथं एका ठिपक्यात गोळा होतं तिथंच कागद काळा पडतो. मी उन्हाच्या जागी आवाज गोळा करते. इतका बारीक आवाज, की माणसाच्या कानाला तो कळतच नाही. माझं डोकं गालावर टेकवलं की तो आवाज कातडीतून आत जातो आणि खाली, ठरलेल्या खोलीवर, ठिपक्या-ठिपक्यानं चटका देतो. आतला थर त्यानं आवळतो. मग शरीर तिथं सावकाश नवं विणकाम करतं आणि लोंबलेला गाल थोडा वर येतो. थोडाच. सुई नाही, कात्री नाही, रक्त नाही. पण रक्त आलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असं कुणी सांगितलं?

दवाखान्यातली सोनोग्राफीची मशीन माझी थोरली बहीण. ती आवाजानं बघते, मी आवाजानं भाजते. तिच्या खोलीत कायद्याची पाटी असते, तिचे कागद भरले जातात. माझ्या खोलीत हसऱ्या नटीचा फोटो आहे. माझ्यापाशी कोण बसतं, काय शिकलंय, हे विचारायला या जिन्यावर आजवर कुणी चढलं नाही.

जन्म माझा दूरदेशीच्या कारखान्यातला. त्यातलं फारसं आठवत नाही. आठवतो तो हैदराबादचा दवाखाना आणि तिथल्या डॉक्टर मॅडम. बुटक्या, तोंडानं फटकळ. बाई खुर्चीत बसली की मॅडम पांढरी पेन्सिल घ्यायच्या आणि तिच्या चेहऱ्यावर रेघा ओढायच्या. कुठं करायचं त्याच्या रेघा कमी, कुठं करायचं नाही त्याच्याच जास्त. जबड्याच्या कडेला एक बारीक नस आहे, खालचा ओठ हलवणारी. तिथं त्या फुली मारायच्या आणि त्या फुलीवर माझं डोकं कधी टेकू द्यायच्या नाहीत. माझ्या डोक्यानं चार रेघा मारल्या की थांबून कातडीचा रंग बघायच्या. गुलाबी झाली तर पुढं, लालभडक किंवा पांढरी पडली तर बंद. आणि मी वाजले, म्हणजे डोकं नीट टेकलं नाही किंवा तापलं म्हणून टीं-टीं केलं, की बोलता बोलता त्यांचा हात जागच्या जागी थांबायचा. माझं ऐकणारं माणूस म्हणून मला त्यांचा फार अभिमान होता.

येणाऱ्या बायांना त्या सांगायच्या, दोन-तीन महिने काही दिसणार नाही. पंधरा दिवसांनी लग्न असेल तर उगाच आशेनं येऊ नका. कितीजणी तोंड पाडून परत गेल्या. नाही म्हणायला जास्त शिकावं लागतं, हे मी तिथं पाहिलं.

मग नवी मशीन आली. तिच्या अंगावर मोठा काचेचा पडदा, माझ्या अंगावर धूळ. मला सामानाच्या खोलीत ढकललं. काही महिन्यांनी रतनसिंग आला. हा दवाखान्यांतलं जुनं सामान उचलून गावोगाव विकणारा माणूस. मला त्यानं जीपमध्ये दोन खुर्च्यांच्या मधोमध बांधलं आणि वसमतला आणलं. माझं माहितीचं पुस्तक तिकडंच टेबलाच्या खणात राहिलं. पांढरी पेन्सिलही राहिली. रतनसिंगला त्यांचं काय!

पार्लरवाली मिना. तिला मी वाईट म्हणणार नाही. अर्ध्या वसमतच्या नवऱ्या तिच्या हातून सजून बाहेर पडल्यात, आणि लाजऱ्या पोरीला हसवत तिच्या डोळ्यांत काजळ रेखावं तर तिनंच. माझं तिनं स्वागत केलं. हार घातला, कपाळावर, म्हणजे पडद्यावर, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. त्यातलं पाणी माझ्या बटणांवर उडालं ते पुसलं. मग मोबाइलवर कुठल्या तरी परक्या देशातल्या बाईचा व्हिडिओ लावला, दोनदा बघितला आणि म्हणाली, सोपं तर आहे.

मी पहिल्याच दिवशी टीं-टीं केलं. खुर्चीतली बाई दचकून उठली. मिनानं बटणं चाचपली आणि माझा आवाज बंद करून टाकला. गिऱ्हाईक भितं, म्हणाली.

मित्रांनो, मला बोलायला तेवढा एकच शब्द होता.

आता पद्माबाईबद्दल. ती कुरुंद्याची. पन्नाशी ओलांडलेली, उंच, हाडापेरानं मोठी. हळदीच्या दिवसांत ती शिजवणीच्या कढईपाशी कामाला असते; गंध तिच्या लुगड्यातून जिना चढायच्या आधी वर यायचा. आणि एप्रिलात ती गाते. वसमतच्या चौकात बाबासाहेबांच्या जयंतीला सकाळी वंदना झाली की पहिलं गाणं पद्माबाईचं, हे एकोणीस वर्षं ठरलेलं. ढोलकीला तिचा नवरा, जळबा. माझ्या खिडकीतून तो चौक दिसतो.

यंदा कार्यक्रमाचं बघणारे उत्तमराव यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, की स्टेजच्या बाजूला मोठा पडदा लागणार आहे, क्यामेरा तोंडावर राहणार आहे, मोबाइलवर जगभर दिसणार आहे. आवाजाचा प्रश्नच न्हाई, पण तोंड उतरलंय तुमचं. नांदेडची एक पोरगी आहे, चेहऱ्यानं चांगली. तुमी दुसऱ्या-तिसऱ्या नंबराला गा. किंवा मग बघा काही होतं का.

ते 'बघा काही होतं का' घेऊन पद्माबाई माझ्यापर्यंत आली. जयंतीला सतरा दिवस राहिले होते.

जळबा सोबत होता. दारावर 'फक्त महिलांसाठी' लिहिलेलं, म्हणून तो बाहेर जिन्याच्या पायरीवर बसला आणि तिथूनच बोलत राहिला.

"रेडिओला तोंड व्हतं का? तरी ऐकलाच ना आपन," तो म्हणाला. "आन तुझं तोंड मला पाठ हाय. नवं आनलं तर वळखू कसं?"

"तुमी ढोलकीची शाई बदलता का न्हाई दर साली?" पद्माबाई आतून म्हणाली. "मंग गप बसा."

मिनाला ती कोण आहे हे माहीत होतं. तिनं सांगितलं, मावशी, तुमचं मी फुकट करते, फक्त तुमचा आधीचा आणि नंतरचा फोटो जिन्यात लावू द्या. आधीचा फोटो काढताना तिनं दिवा मालवला, मावशीला मान खाली घालायला लावली आणि हसू नका म्हणाली. असाच काढतात. अंधारात, मान घालून, हसायची बंदी करून कुणाचाही फोटो काढा, तो म्हातारा निघतो. तुमच्या वर्गातल्या सगळ्यात गोड पोरीचा काढून बघा.

पद्माबाईनं विचारलं, चौदा तारखेपर्यंत होईल ना? मिना म्हणाली, मावशी, हे सगळ्यांना चालतं, आज बसलात की उद्या आरशात बघा.

मला हैदराबादच्या मॅडमचं वाक्य आठवलं. दोन-तीन महिने! सगळं नीट झालं असतं, देवानं येऊन हात धरला असता, तरी सतरा दिवसांत त्या गालाला काही होणार नव्हतं. मग ही बाई या खुर्चीत बसलीच कशाला? पण माझा आवाज बंद होता.

आता पुढची गोष्ट फक्त आमच्या वसमतातच होऊ शकते. माझं डोकं आणि कातडी यांच्या मध्ये पारदर्शक जेल लागतं. मध्ये हवा राहिली की आवाज आत जात नाही, वरच्या वर अडतो आणि वरची कातडी भाजतो. त्या दिवशी जेलची बाटली तळाला गेली होती. मिनानं क्षणभर विचार केला आणि घरची हळद आणली. ताजी, यंदाची, पॉलिश केलेल्या कांड्यांची दळलेली. उरलेल्या जेलात ती कोरफडीचा गर घालून कालवली. तिला तो आजीकडून आलेला उपायच वाटला. हळदीच्या गावात हळदीवर कोण संशय घेणार? भाजलं तर हळद, कापलं तर हळद, लग्न तर हळदच. पद्माबाई तर खूश झाली. म्हणाली, हे बरं, आपल्यातलंच काही तरी हाय म्हनायचं.

त्या लगद्यात भुकटीचे कण होते, आणि कणांच्या मध्ये हवा. ते एक. दुसरं त्याहून वाईट. तोंड पिवळंधम्मक झालं. लाल झालं की पांढरं पडलं, हे त्या पिवळ्याखाली बघायचं कसं? मॅडम चार रेघांनी थांबून जो रंग बघायच्या, तोच मिनानं झाकून टाकला होता.

मी आतून टीं-टीं करत होते. कुणाला ऐकू जात नव्हतं.

"बाई, जळून राहिलं," पद्माबाई म्हणाली.

"जळतंय म्हणजे काम करून राहिलं, मावशी. थोडं सोसा."

आणि पद्माबाईनं सोसलं. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. कढईच्या वाफेशेजारी उभं राहून जिनं आयुष्य काढलं, तिला सोसायला सांगावं लागत नाही, ती सोसतेच. तिनं खुर्चीचे हात धरले आणि हू का चू केलं नाही. मिनाला वाटलं, मावशींना चांगलं मानवलं. जबड्याच्या कडेला, जिथं मॅडम फुली मारायच्या, तिथं तिनं मला चार वेळा फिरवलं. तिथंच जास्त लोंबलंय म्हणून.

ती जिना उतरली तेव्हा तिचं तोंड पिवळं होतं. जळबा म्हणाला, कढईतून आल्यावानी दिसतीस. बसस्टँडवर, एसटीत, गावात कुणी काही विचारलं नाही. मार्चअखेर अर्धा तालुका पिवळा असतो. दुसऱ्या गावात कुणी तरी म्हटलं असतं, अगं तुझ्या गालाला काय झालं. आमच्याकडं कुणाला दिसलंच नाही.

चार दिवसांनी ती परत आली. पिवळं धुऊन गेलं होतं. गालाच्या खाली चुलीच्या जाळीवर भाजलेल्या भाकरीसारख्या तपकिरी रेघा ओळीनं उठल्या होत्या. आणि डाव्या बाजूचा खालचा ओठ ढिला पडला होता. मिनानं चहा दिला, तो तोंडाच्या कोपऱ्यातून पदरावर सांडला. पद्माबाईनं कप खाली ठेवला.

मित्रांनो, जरा 'भ' म्हणा. 'म' म्हणा. दोन्ही ओठ घट्ट मिटावे लागतात, बघा. पद्माबाईचे मिटत नव्हते. मधून वारा निसटायचा. आणि तिच्या प्रत्येक गाण्यात जे नाव दहादा यायचं, ते याच दोन अक्षरांचं होतं.

मिना आधी म्हणाली, सूज आहे, उतरेल. मग म्हणाली, मशीनच जुनी निघाली, रतनसिंगनं फसवलं. मग तिसरं काही सुचेना तेव्हा म्हणाली, मावशी, तुमची कातडी उन्हातली, राठ; तिला सोसलं नाही.

पद्माबाईनं पदरानं ओठ टिपला.

"राठ व्हती तर आदी काहून न्हाई बोललीस? आदी तर म्हनलीस सगळ्याईला चालतं." मग तिनं हात पुढं केला. "माझा पैला फोटो दाव."

मिनानं मोबाइल दिला. पद्माबाईनं फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"ह्याच्यात काय वाईट व्हतं गं?"

 त्याच वेळी पद्माबाईच्या पिशवीत फोन वाजला. तिचा एक हात पदरानं ओठ टिपत होता, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला. उत्तमराव होते. त्यांच्या कानावर गेलं होतं. ते गोड आवाजात म्हणाले, जयभीम पद्माबाई, तब्येतीला जपा, यंदा तुमी आराम करा. पहिलं गानं त्या पोरीला देऊन टाकलं, तुमी खाली पहिल्या रांगेत बसा, सत्कार करू.

"बरं," पद्माबाई म्हणाली. तो 'ब' सुद्धा नीट निघाला नाही.

त्या संध्याकाळी मिना नांदेडला एका कातडीच्या डॉक्टरकडं तिला घेऊन गेली, हे मी नंतर तिच्या बोलण्यातून ऐकलं. डॉक्टर मिनाला सगळ्यांदेखत बोलले. नस दुखावली आहे, तुटलेली नाही, काही आठवडे, कदाचित काही महिने, मग ओठ परत येईल, डाग रेंगाळतील. मशीन पुन्हा तोंडाला लावायची नाही. मिना आली आणि माझ्यावर परकर टाकून खाली बसली. 

चौदा एप्रिलला चौक निळा झाला होता. पार्लर बंद होतं, पण मिना किल्ली लावून वर आली आणि खिडकी उघडली. वाऱ्यानं माझ्यावरचा परकर सरकला, म्हणून मी सगळं पाहिलं. स्टेजच्या बाजूला पडदा, घराएवढा. वंदना झाली. निवेदकानं नांदेडच्या पोरीचं नाव घेतलं. ती पोरगी उठली. पण तिच्या आधी पहिल्या रांगेतून पद्माबाई उठली होती. जळबा ढोलकी गळ्यात अडकवून मागं. पोरीनं त्या दोघांना पाहिलं आणि सरळ माइकपासून बाजूला झाली. त्या पोरीचा काही दोष नव्हता, हे तुम्हीही ध्यानात ठेवा.

पडद्यावर पद्माबाईचं तोंड आलं. घराएवढं. तपकिरी रेघा हातभर लांब, ओठ एका बाजूनं खाली. चौकात कुजबुज उठली. उत्तमराव स्टेजच्या कोपऱ्यातून क्यामेरावाल्याला बोटानं खूण करायला लागले, बंद कर, बंद कर.

पद्माबाईनं माइक हातात घेतला.

"क्यामेरा बंद करू नका, उत्तमराव. तुमालाच तोंड पाहिजे व्हतं ना? घ्या, पहा."

 उत्तमरावांचं बोट तसंच हवेत राहिलं आणि मग खाली आलं.

ती गायली. डाव्या हाताची दोन बोटं तिनं ओठाच्या कोपऱ्याला लावली, ढिला दरवाजा हातानं धरावा तशी. आवाज मात्र तोच. चपलांच्या दुकानाचा पत्रा थरथरला. ओळ नावापाशी आली, आणि ओठ मिटला नाही, वारा निसटला. तिथं जळबानं थाप दिली. नेमकी त्याच जागी. दुसऱ्यांदा नाव आलं, तिथं पुन्हा थाप. तीस वर्षं त्या बाईचं तोंड पाठ करून बसलेल्या माणसाला कुठं काय कमी पडणार हे माहीत होतं. तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा थापेसोबत चौकानं ते उच्चारलं. पुढं दरवेळी चौकानंच म्हटलं आणि पद्माबाई बाकीचं गाणं गात राहिली.

मिना खिडकीत उभी होती. गाणं संपल्यावर ती वळली, माझी वायर लावली आणि बटणांत शोधून शोधून माझा आवाज चालू केला. मी वाजले. रिकाम्या खोलीत, कुणाच्याही गालाला न टेकता. ती ऐकत राहिली.

मग तिनं जिन्यात लावलेली माझी जाहिरात उतरवली. एका चिकटपट्टीवर मार्करनं लिहिलं: 'शिकलेल्या डॉक्टरशिवाय हिला हात लावू नये. हळद लावू नये. आवाज बंद करू नये.' ती पट्टी तिनं माझ्या कपाळावर, जिथं कधी कुंकू लावलं होतं तिथं, दाबून चिकटवली. आणि रतनसिंगला फोन केला की ही परत घेऊन जा, माणसांत ठेवायची नाही, मोडीत घाल.

गोष्ट इथं संपली असती तर मी रागावले नसते.

आज सकाळी रतनसिंग आला. त्यानं पट्टी वाचली. फोनवर कुणाला तरी म्हणाला, जवळा बाजारला एक नवं पार्लर उघडतंय, उद्या बाजाराचा दिवस आहे, पोचवतो. चांगली कंडिशन, हैदराबादचा माल. फोन ठेवून त्यानं नखानं पट्टीचं टोक उचकटलं आणि खस्सकन ओढली. उरलेला डिंक थुंकी लावून पुसला. मग मला मोडीत काढायला आलेल्या माणसानं माझा आवाजही बंद केला. जीपमध्ये टीं-टीं नको म्हणून.

आता खाली जीप सुरू आहे आणि मला दोरीनं बांधत आहेत. मित्रांनो, मी काही मागत नाही. मला पुसू नका, हार घालू नका. कपाळावरची पट्टी गेली, पण तुम्ही ती आत्ताच वाचलीत. जवळा बाजारला तुमची आई, मावशी, आत्या कुणी त्या नव्या पार्लरकडं वळली, तर तिचा पदर धरा आणि माझ्या जागी तुम्ही वाजा.